कट्ट्यावरून कळलं

गिरगावातून शिवाजी पार्कला राहायला येताना आजी रडली होती म्हणतात. १९३८ सालची गोष्ट. सांगणारी आमची आत्या, आणि आत्या तेव्हा कडेवर होती, म्हणजे तिनंही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच. पण आजीनं ती कधी नाकारली नाही, म्हणून खरी धरायची.

गिरगावच्या चाळीत एका टोकाच्या बिऱ्हाडात फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा. इकडे आजोबांनी भाड्यानं घेतला होता ब्लॉक. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आतच मोरी-संडास, समुद्राचा वारा घेणारी छोटी गॅलरी आणि एकच दार. ते लावलं की जग बाहेर. "दार लावल्यावर माणसाला कळायचं कसं?" असं तिनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं. आजोबा म्हणाले, "काय कळायचं?" त्यावर ती गप्प बसली. कुणाला दिवस गेलेत, कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरी आज चूल नाही, हे सगळं आजोबांना कळायला नकोच होतं. तिला हवं होतं.

गिरगावातली मंडळी आम्हाला "जंगलात गेलेले" म्हणत. त्यांचं फार चुकत नव्हतं. १८९६ च्या प्लेगनं मुंबईची दाणादाण उडवली, त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि दाट वस्तीतल्या लोकांना मोकळ्या हवेत न्यायचं म्हणून दादर-माटुंग्याकडे आखणी करून रस्ते पाडायला सुरुवात झाली. मैदान लोकांना खुलं झालं १९२५ मध्ये. तेव्हा ते नुसतं माहीम पार्क. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. या अवंतिकाबाई म्हणजे गांधीजींबरोबर चंपारणला गेलेल्या, त्यांचं मराठीत चरित्र लिहिणाऱ्या. त्या पुस्तकाला टिळकांची प्रस्तावना होती. आजीनं लग्नाआधी गिरगावात हिंद महिला समाजात त्यांना पाहिलं होतं. म्हणजे ती तसं सांगायची. काय बोलल्या ते तिला आठवत नसे. पातळ खादीचं असूनही चापूनचोपून नेसलेलं होतं, एवढं मात्र आठवे. नाव कुणी दिलं हे कळल्यावर "मग बरं आहे" म्हणून तिनं पार्काला मान्यता दिली.

आणि मग पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं आमच्या इमारतीतल्या बायकांनी, दोन-चार पुरुषांनी आणि एका कोळणीनं मिळून त्या बंद दारांचं गाव केलं.

बातमीची पहिली जागा म्हणजे आरेचं दूधकेंद्र. मला आठवतं ते पन्नास-साठच्या दशकातलं. पहाटे काळोखात रांग लागायची, हातात कार्ड, तारेच्या जाळीत रिकाम्या बाटल्या. केंद्रावर बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुली असत, दूध वाटून पुढे लेक्चरला जायच्या. रांगेत उभं राहिलं की अर्ध्या तासात निम्म्या पार्काची हालहवाल कळे. आजी घरी येऊन बाटलीचं पत्र्याचं झाकण काढता काढता सांगायची: कोपऱ्यावरच्यांच्या मुलीला पाहायला आले होते, पुण्याचे आहेत, नाक मुरडून गेले, रानडे रोडवर कांदा दोन आण्यांनी चढलाय, पलीकडच्या बंगालीणबाईंची आई आली आहे, पान खाते.

दुपारी कोळीण यायची. माहीमच्या कोळीवाड्यातून डोक्यावर पाटी घेऊन, कमरेला घट्ट लुगडं, अंबाड्यात फूल. आम्ही कायस्थ, त्यामुळे सोमवार आणि चतुर्थ्या सोडल्या तर तिचा पाय आमच्या उंबऱ्याला लागेच. "घे गो बाय, ताजं म्हावरं हाय," म्हणत ती जिन्यातच बसकण मारी. भाव ठरायला वेळ लागे, कारण भावाच्या मधेमधे बातम्या असत. ती दहा-बारा इमारती फिरून आलेली. प्रत्येक घरात काय शिजतंय आणि का शिजत नाहीये, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं. एखाद्या घरानं नेहमीच्या पापलेटाऐवजी मांदेली घेतली की ती सांगायची नाही; आजीकडे बघून नुसती भुवई उडवायची. मग संध्याकाळी आमच्याकडून त्या घरी वाटीभर बिरडं जायचं. वाल जास्त भिजले होते, असं सांगून.

तिसरी जागा कट्टा. मैदानाभोवती सव्वा किलोमीटरच्या आसपास फिरलेली ती बुटकी भिंत. तिथे पुरुषांचं राज्य. आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहात, तारखात्यात होते. आजी त्यांना तारमास्तर म्हणे. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी ठरलेल्या जागी बसत आणि सातच्या सुमारास जिना चढता चढता प्रत्येक मजल्यावर एकेक वाक्य टाकत. तारेचे शब्द मोजायची सवय अंगात मुरलेली. "दुसरा मजला. जावई पास." "समोरची म्हातारी अत्यवस्थ." आजी कपाळाला हात लावायची. कसली अत्यवस्थ, कोण बघतंय, मुलगा बडोद्याहून निघाला का, हे काही नाही. मग ती पदर खोचून स्वतः खाली जायची.

फोन साऱ्या इमारतीत एक. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे. आमच्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर त्यांचाच नंबर, पुढे पी.पी. लिहून. फोन आला की त्यांचा मुलगा जिन्यातून हाका मारी आणि आपण धावत वर जाईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी निम्मं बोलणं उरकलेलं असे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. बातमी पहिल्यांदा त्यांच्या कानावर पडली, तर ती सांगताना त्या खांद्यावर हातही ठेवायच्या.

अशा ठिकाणी मोठा इतिहास घडतो तेव्हा तोही शेजारच्या बातमीच्या मापानंच घरात शिरतो. आता बेचाळीसचं घ्या. ९ ऑगस्ट १९४२ च्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजी बोलणार होते. पहाटेच त्यांना पकडलं. मग कस्तुरबा म्हणाल्या, सभेत मी बोलेन. त्यांनाही सभेआधीच अटक झाली. हे झालं पुस्तकातलं. आमच्या घरातलं असं की आजी आणि तारमास्तरांच्या बायको सभेला गेल्या, सासऱ्यांना "भाजी आणायला" सांगून. गर्दी उसळली, पोलीस आले, अश्रुधूर सोडला. आजीला वाटलं कुणाची तरी मिरच्यांची गाडी पेटली. डोळे चोळत, एकमेकींचा पदर धरून दोघी परत आल्या, तर घरात चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलेलं आणि सासरे दारात. "भाजी कुठे आहे?" या प्रश्नाला आजीनं काय उत्तर दिलं, याच्या आमच्या घरात तीन आवृत्त्या आहेत. पाऊस होता की नव्हता यावरून आजी-आजोबांचं शेवटपर्यंत पटलं नाही. आजोबा म्हणत, "तुझे डोळे गळत होते, तुला पाऊस वाटला."

चव्वेचाळीसच्या एप्रिलात गोदीत स्फोट झाला तेव्हा गॅलरीच्या काचा थरथरल्या. तेव्हा लढाई चालू होती, त्यामुळे जिन्यात पहिली बातमी आली ती जपानी आल्याची. दुसरी, समुद्र आत येतोय. तिसरी बातमी आठवडाभरानं आली: आकाशातून एका पारशी गृहस्थाच्या घरात सोन्याची वीट पडली, आणि त्यानं ती सरकारला परत केली! आजीनं पहिल्या दोन्ही बातम्यांवर विश्वास ठेवून शेजारणीसह डबे-पिशव्या भरल्या होत्या. तिसरी ऐकल्यावर मात्र ती म्हणाली, "थापा मारायला काहीतरी मर्यादा!" आणि खरी निघाली ती तेवढीच. 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापूस होता, दारूगोळा होता आणि सोनंही होतं.

काही बातम्यांबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. गांधीजींच्या खुनानंतर पार्कात सावरकर सदनावर जमाव चालून गेला, दगडफेक झाली, तात्याराव सावरकरांच्या धाकट्या भावाला, डॉ. नारायणरावांना, फार मार लागला. हे मी मोठा झाल्यावर वाचलं. घरी विचारलं तर आजोबा म्हणाले, "त्या दिवशी खिडक्या लावल्या होत्या." आजी उठून आत गेली. सगळं सांगणाऱ्या बाईनं एवढंच का सांगितलं नसावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या जमावात तिला ओळखीचं कुणीतरी दिसलं असावं. हा माझा अंदाज. तो खरा आहे की नाही, हे सांगायला आता कुणी नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळात सभांना ऊत आला. सभा असली की गिरगाव, परळ, ठाण्याचे झाडून सगळे नातेवाईक "सहज" आमच्याकडे टपकत, कारण सभा आमच्या गॅलरीतून ऐकू येई. भोंग्यावरचा आवाज वाऱ्याबरोबर कमीजास्त व्हायचा. मधली दोन वाक्यं समुद्राकडे वाहून गेली की सगळे एकमेकांना "काय म्हणाले?" विचारत आणि जो तो आपल्या मनातलं सांगे. त्यामुळे आचार्य अत्रे त्या गॅलरीत प्रत्यक्षात बोलले त्याहून बरंच जास्त बोलले आहेत. आजी वक्त्यांची मोजदाद भातावरून करायची. अत्र्यांची सभा म्हणजे भात दोनदा चढवायचा. माणसं हसून हसून भुकेली होत आणि उशिरापर्यंत हलत नसत. त्या रात्री ठरलेला बेत सोड्याची खिचडी. रोह्याहून तिच्या माहेरचे सोडे यायचे, बरणीत घट्ट बांधून. भिजवलेले सोडे, ओलं खोबरं, वरून तूप. पापड भाजायचं काम आम्हा मुलांकडे. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा तिनं जिन्यातल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, "आमच्या रोह्याकडचे!" जणू राजीनामा तिनंच लिहून दिला होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं मला स्वतःला थोडं आठवतं. मी सहा वर्षांचा. सकाळी कोळीण आली ती पाटीविना. ती नुसतं सांगायला आली होती. दिल्लीला बाबासाहेब गेले, आज इकडे चौपाटीवर आणणार. दादर चौपाटी म्हणजे आमच्या मागचाच समुद्र. ७ डिसेंबरला हिंदू कॉलनीतल्या 'राजगृह'पासून अंत्ययात्रा निघाली. आम्ही गॅलरीच्या गजातून पाहात होतो. एवढी माणसं मी आधी सभेला पाहिली होती. पण सभेची माणसं बोलतात, ओरडतात. ही माणसं रडत चालली होती, पुरुषसुद्धा, आणि ते संपतच नव्हतं.

आमच्या इमारतीत त्या दिवशी दारं लावून घेणारी घरं होती. उगाच आता ते झाकण्यात अर्थ नाही. तिन्हीसांजेला एक बाई लहान मुलीला घेऊन फाटकात आली आणि पाणी मागितलं. आजी तांब्या घेऊन खाली गेली. पाणी दिलं, मुलीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, वर आली. मला वाटलं, आपली आजी किती चांगली. पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीला लागलो होतो तेव्हा, ती डाळ निवडता निवडता एकदम म्हणाली, "त्या बाईला मी वरून पाणी ओतलं रे. तिनं ओंजळ पुढे केली आणि मी वरून ओतलं. हातात तांब्या द्यायचा होता." मी काहीच बोललो नाही. तिनं डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

त्यानंतर काही वर्षं ६ डिसेंबरला ती फाटकाशी कळशी आणि पितळी पेले ठेवत असे. ते कुणाकुणाला आवडलं नाही. एका वर्षी पेले नाहीसे झाले, मग नुसती कळशी, मग आजीचे गुडघे. चैत्यभूमीला देशभरातून येणारे लोक अजून दर वर्षी पार्कावर उतरतात. आमच्याकडची काही मंडळी त्या दिवसांत लोणावळ्याला जातात. मी जात नाही, पण त्यात मोठेपणा काही नाही. मला पुस्तकांचा नाद आहे, आणि त्या दोन-तीन दिवसांत मैदानावर पुस्तकांचे जितके स्टॉल लागतात तितके एरवी कुठे बघायला मिळतात?

सहासष्टच्या फेब्रुवारीत जिन्यात बोलणं हळू झालं. तात्यारावांनी अन्न सोडलंय, अशी बातमी होती. सावरकर सदन आमच्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. आमच्या घरात त्यांच्याविषयी दोन मतं होती, एक आजोबांचं आणि एक काकांचं, आणि ती जेवणाच्या पाटावर भिडायची. पण त्या महिन्यात दोघंही तारमास्तरांना एकच विचारत, "आज काय?" तारमास्तर म्हणत, "तसेच." आजी उपास-तापास करणारी, तिचं म्हणणं पहिले तीन दिवस कठीण, मग भूकच मरते. पण पाणी सोडलं म्हटल्यावर ती गप्प झाली. २६ तारखेला तारमास्तर जिना चढले नाहीत. खालूनच म्हणाले, "गेले." त्याच वर्षी शिवसेना निघाली आणि ३० ऑक्टोबरला तिचा पहिला मेळावा आमच्यासमोर भरला. आजोबांचं भाकीत होतं की मैदान भरणार नाही. त्यावर पुढे त्यांना घरात बरंच ऐकून घ्यावं लागलं.

पण इमारतीतली सगळी म्हातारी माणसं ज्या एका रात्रीबद्दल सारख्याच उत्साहानं बोलत ती सभेची नव्हे, भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारनंतर. फडताळातली भांडी वाजायला लागली. आजीला वाटलं मांजर शिरलं. ती अंथरुणातूनच "हाड, मेल्या" म्हणाली. मग पाळण्याची कडी आपोआप कुईकुई करू लागली आणि वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. पाच मिनिटांत सगळी इमारत मैदानात. आसपासच्याही. काळोखात, थंडीत, ज्याच्या अंगावर जे होतं त्यात.

त्या रात्रीनं पार्काचा कपडेपट उघडा केला. एरवी इस्त्रीच्या धोतरात फिरणारे वकील पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या बाई केसांना तेल चोपडून, फडक्यात डोकं बांधून. तारमास्तर कवळीशिवाय आले होते, म्हणून त्या दिवशी त्यांच्या बातम्या कुणाला नीट कळेनात. कुणी दागिन्यांची पेटी आणली होती, कुणी रेडिओ. नव्यानं लग्न झालेल्या एकानं घाईत स्वतःची छत्री तेवढी आणली, बायको मागून आली; तो पुढे आजोबा झाला तरी त्याची सुटका झाली नाही. आणि आमच्या आजीच्या हातात होती सोड्यांची बरणी. "पेटी का नाही आणलीस?" असं आजोबांनी विचारल्यावर म्हणाली, "सोनं बाजारात मिळतं. माझा भाऊ यंदा पुन्हा येईलसा वाटत नाही."

मग अफवा. समुद्र आत येणार. नाही, मैदान खचणार. कुणी म्हणे कट्ट्याला टेकू नका. मुलं खूश होती, शाळा बुडणार म्हणून. वर्षभर पाण्याच्या टाकीवरून अबोला धरलेली दोन घरं एका सतरंजीवर बसलेली मी पाहिली. एकानं स्टो खाली आणला आणि चहा झाला. इथे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं पटत नाही. तो म्हणतो दूधकेंद्र उघडेपर्यंत कोराच चहा प्यायलो, आलं घातलेला. मला स्पष्ट आठवतं, दूध होतं. डॉक्टरीणबाईंनी घरातलं रात्रीचं आणलं होतं. भाऊ म्हणतो, त्या कसल्या आणतात.

उजाडल्यावर रेडिओनं सांगितलं: कोयना. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. हसणं थांबलं. दुपारपर्यंत आमच्या जिन्याखाली घोंगड्या, स्वेटर, पातेली गोळा झाली. ती कुणी कशी नेली ते मला सांगता येणार नाही, पण आजीनं तिच्या दोन दुलयांपैकी जाड ती दिली, आणि पुढची थंडी ती पातळीवर कुरकुरत काढली, हे पक्कं.

क्रिकेटबद्दल न लिहिलं तर पार्कातले लोक मला कट्ट्यावर बसू देणार नाहीत. पण ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. जिमखान्याकडून खेळलेले अजित वाडेकर एकाहत्तरमध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आले, तेव्हा प्रत्येक इमारतीतला कुणी ना कुणी "माझ्या बोलिंगवर आउट झालाय तो" असं सांगत होता. आचरेकर सरांचा स्टंपवरचा रुपया, त्यांच्या स्कूटरवर मागे बसलेला सचिन, हेही सर्वांना माहीत. आजीच्या लेखी क्रिकेट म्हणजे वाळवणाचा शत्रू. तिच्या वालांत, कुरडयांत येऊन पडलेले चेंडू ती पिठाच्या डब्यात जमवून ठेवायची आणि मागायला आलेल्या पोराला आधी विचारायची, "कुणाचा तू? आई बरी आहे का तुझी?" बातमी मिळाली की चेंडू परत.

बंगाल क्लबच्या दुर्गापूजेची खिचडी मात्र तिला मनापासून आवडे. दर वर्षी जाऊन पंगतीत बसायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "वाल नाहीत, पण बरी आहे."

शेवटची मोठी बातमी तिनं पाहिली ती २१ सप्टेंबर १९९५ ची. सकाळपासून फोन वाजत होते. आता प्रत्येक घरात फोन. गणपती दूध पितोय! दादरभर रांगा लागल्या, दूध मिळेना. माझी बायको चमचा घेऊन निघाली. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचं कारण सांगितलं, ते संध्याकाळी. आजी तेव्हा पंच्याऐंशीची, खाटेवर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोदक दिला का कुणी? मोदक खाल्ला तर मला उठवा." २००६ च्या ऑगस्टात माहीमचा समुद्र गोड झाल्याची बातमी आली आणि लोक बाटल्या भरभरून ते पाणी पिऊ लागले, महापालिका नको नको म्हणत असताना, तेव्हा मला तिच्या त्या वाक्याची आठवण झाली. पावसात खाडीकडून आलेलं गोडं पाणी होतं ते, असं पुढे कळलं.

२०१० मध्ये उच्च न्यायालयानं पार्क शांतता क्षेत्र ठरवला. बरं झालं, म्हातारपणी मलाही झोप लागते. पण भोंगे कमी झाले तसे गॅलरीत जमणारे नातेवाईकही कमी झाले, आणि पुढे तर गॅलऱ्याच कमी झाल्या. आमच्या रांगेतल्या जुन्या चौमजली इमारती एकेक करून पडताहेत; नव्या उंच इमारतींत खिडकी उघडत नाही, वातानुकूलनासाठी. लाल मातीची धूळ येते हेही खरंच.

आमच्या इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाणी कधी येणार नाही, गाडी कुणी आडवी लावली, कुणाचा वाढदिवस, सगळं त्यावर येतं, फुलांच्या चित्रांसकट. सोय आहे, नावं ठेवायची नाहीत. फक्त त्यात भुवई उडवता येत नाही.

जुन्या कोळणीची नातसून अजून येते. पाटीच्या जागी आता थर्माकोलची पेटी, लुगड्याच्या जागी गाऊन आणि वर ओढणी, पैसे मोबाइलवर. परवा सकाळी जिन्यात बसून मांदेली मोजता मोजता म्हणाली, "काका, तिसऱ्या माळ्यावर काय झालं? वॉचमन सांगत व्हता, रातच्या दोनला लिफ्ट वाजली." मला पत्ता नव्हता. वर गेलो, तर तिथल्या आजोबांना रात्रीच हॉस्पिटलात हलवलं होतं. सून म्हाताऱ्या सासूबरोबर घरात, डोळे सुजलेले, गॅसवर काही नाही. ग्रुपवर बातमी आली ती दुपारी दीडला, हात जोडलेल्या खुणांसकट. तोवर आमच्याकडची निम्मी मांदेली तळून, वरणभाताबरोबर वर गेली होती. ते मासे खातात ना, हे मी कोळणीलाच विचारून घेतलं. "खातात," ती म्हणाली, "पण म्हातारीला काटे काढून दे."